सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चावी फिरवली की इंजिन ‘घर्र-घर्र’ फिरत राहतं, पण पेट घेत नाही. या तक्रारीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो अंदाजाने पार्ट बदलण्यात. आधी प्लग, मग कॉइल, मग पंप, आणि शेवटी सापडतो एक जळालेला फ्यूज. म्हणून खालच्या उत्तरांत आधी काय बघायचं आणि काय मोजायचं ते दिलं आहे, पार्टचं नाव त्यानंतर. ही माहिती फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी व कॉमन रेल डिझेलसाठी (जिथे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं) आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या यात धरलेल्या नाहीत.

हा बिघाड म्हणजे बॅटरी उतरणंच ना?

नाही. चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक’ किंवा ‘टकटकटक’ होत असेल, किंवा काहीच होत नसेल, तर दोष बॅटरी, तिचे टर्मिनल, स्टार्टर (म्हणजेच सेल्फची मोटर) किंवा त्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) यांत आहे. इथे स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण २०० ते ३०० फेऱ्यांनी नेहमीसारखं फिरवतो, पण सिलिंडरमध्ये जाळ होत नाही. त्यासाठी पाच गोष्टी लागतात: हवा, पुरेशा दाबाने इंधन, नेमक्या वेळी ठिणगी (डिझेलमध्ये दाबामुळे तापलेली हवा), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) आणि ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, परवानगी. हवा क्वचितच अडते. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) तुटण्याचा प्रकार सोडला तर कॉम्प्रेशनही एका दिवसात जात नाही. काल व्यवस्थित चाललेली गाडी आज अडली असेल तर शोध बहुतेक वेळा इंधन, ठिणगी आणि परवानगी या तिघांतच संपतो.

सेल्फ सलग किती वेळ मारायचा?

एका वेळी ५ ते ७ सेकंद, फार तर १०. मग निदान अर्धा ते एक मिनिट थांबा. सलग मारत राहिलं तर स्टार्टरची वाइंडिंग तापते, बॅटरी उतरते, आणि मग मूळ दोषाबरोबर एक नवा दोष शोधत बसावं लागतं. पेट्रोल गाडीत आणखी एक नुकसान होतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साठतं आणि गाडी एकदाची चालू झाली की तिथे पेटतं. कन्व्हर्टर हा गाडीतला एक महागडा पार्ट आहे. तीन-चार प्रयत्नांत इंजिन पेटलं नाही तर पाचव्या प्रयत्नातही सहसा पेटत नाही. तिथे थांबून तपासणीला लागा.

सेल्फ अजिबात मारू नये असे कोणते प्रसंग?

चार प्रसंग आहेत, आणि चारही महागात पडणारे.

गाडी साचलेल्या पाण्यातून गेली आणि बंद पडली, किंवा पार्किंगमध्ये बुडाली. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर चावीला हात न लावता गाडी टो करा. बुडालेली गाडी चालू करायला जाऊन झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा धरलं जात नाही, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं. चावी ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होऊन पेट्रोल पुढे जातं. डिझेलचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पेट्रोलने तो आतून खरवडला जातो आणि त्याचा लोखंडी चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. टाकी रिकामी करून घ्या.

पेट्रोलचा किंवा सीएनजीचा उग्र वास येतो आहे. दारं उघडा, कुठलंही बटण दाबू नका. सीएनजी असेल तर सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा.

सेल्फचा आवाज अचानक बदलला, इंजिन हलकं आणि भरभर फिरू लागलं. हा टायमिंगचा दोष असू शकतो. त्याबद्दल खाली सविस्तर आहे, तिथली एका सेकंदाची तपासणी तेवढी अपवाद.

बोनेट उघडण्याआधी काय बघायचं?

खरं निदान इथेच अर्धं होतं, आणि त्याला एकही पाना लागत नाही. गाडी शांत जागी असू द्या, एसीचा पंखा आणि रेडिओ बंद करा. चावी ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका.

पहिलं म्हणजे चेक इंजिनचा पिवळा दिवा. चावी ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बहुधा ईसीयूलाच वीज पोचत नाही. मेन रिले, ईसीयूचा फ्यूज किंवा अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) बघा. अशा गाडीत प्लग आणि पंप तपासणं म्हणजे वेळ घालवणं आहे, कारण त्या दोघांना हुकूम देणाराच झोपलेला आहे.

दुसरं, इमोबिलायझरची, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची खूण. बहुतेक गाड्यांत गाडी आणि चावीचं छोटं चित्र असतं. ते एक-दोन सेकंद लागून विझावं किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागावं. लुकलुकत राहिलं तर गाडी चावी ओळखत नाही. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत वेगळी खूण नसते, चेक इंजिनचा दिवाच लुकलुकतो.

तिसरं, पंपाचा आवाज. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘झ्झ्झ’ असा बारीक आवाज येतो आणि थांबतो. मागच्या सीटवर कान टेकवून ऐका. काही गाड्यांत मागचं किंवा चालकाचं दार उघडतानाच पंप एकदा फिरून घेतो, तेव्हा आधी दारं लावून मिनिटभर थांबा.

चौथं, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा. ज्या गाड्यांत तो ईसीयूकडून माहिती घेतो तिथे सेल्फ मारताना तो २००-३०० च्या आसपास जरासा उचलतो. शून्याला चिकटून राहिला तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय आणि कुठे आहे हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्यायला जागा आहे. मात्र काही गाड्यांत चांगला सेन्सर असूनही काटा हलत नाही, म्हणून एवढ्यावर सेन्सर बदलू नका. स्कॅनरवर (ईसीयूतली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) खात्री करा.

आणि हो, टाकीत इंधन आहे ना? काटा अडकलेला असतो, फ्लोट खराब झालेला असतो, गाडी चढावर उभी असते. शंका असेल तर आधी ५ लिटर टाकून बघा.

चावीची खूण लुकलुकते. आता?

दुसरी चावी आणा. तिने चालू झाली तर पहिल्या चावीतली चिप गेली आहे किंवा चावी उघडून सेल बदलताना ती पडली आहे. बऱ्याच चाव्यांत ही चिप वेगळी, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी असते आणि कव्हर बदलून देणाऱ्याच्या दुकानातच राहून जाते. ती सेलवर चालत नाही, त्यामुळे रिमोटने दार उघडतं म्हणजे चिप ठीक आहे असं समजू नका. दोन्ही चाव्यांनी होत नसेल तर इग्निशन स्विचभोवतीची अँटेनाची कडी आणि तिचा कनेक्टर बघा. एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चाव्या असतील तर दुसरी बाजूला काढून प्रयत्न करा.

बटण स्टार्टच्या गाडीत चावी ओळखली नाही तर सहसा सेल्फच फिरत नाही. ह्युंदाईसारख्या काही गाड्यांत चावीनेच बटण दाबलं की उतरलेल्या सेलवरही काम होतं.

बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग, सायरन आणि टॅक्सीतला जीपीएस ट्रॅकर यांच्याकडेही लक्ष द्या. यांतल्या अनेकांत ‘इंजिन कट’ रिले असतो आणि तो पंपाच्या किंवा इग्निशनच्या वायरीत मध्येच जोडलेला असतो. काळ्या टेपने गुंडाळलेला तो जोड सैल झाला की गाडी अगदी फॅक्टरीच्या दोषासारखी वागते. डॅशबोर्डखाली असा जोड दिसला तर आधी तो तपासा.

सेल्फ तर फिरतोय, मग बॅटरीचा दोष कसा असेल?

असू शकतो. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. पण खरा आकडा सेल्फ मारतानाचा. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना धरा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. त्याखाली स्टार्टर रखडत का होईना फिरतो, पण ईसीयू बंद पडून पुन्हा चालू होत राहतो, इंजेक्टर नीट उघडत नाहीत आणि ठिणगी मरते. सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे विझत असतील तर हेच होत आहे.

बॅटरी ठीक असेल तर अर्थिंग मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर इंजिनाची अर्थ पट्टी गंजली किंवा सैल झाली आहे. कोकणपट्टीतल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत हा दोष नेहमीचा आहे. बोल्ट काढून, धातू चकचकीत घासून पुन्हा कसला की काम होतं.

पंपाचा आवाज येत नाही. पंप बदलायचा का?

इतक्यात नाही. पंप हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे, त्याआधी चार गोष्टी बघायच्या.

१. फ्यूज. बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात पंपाचा फ्यूज शोधा, बहुधा १५ किंवा २० अँपिअरचा असतो. नुसता डोळ्यांनी बघू नका, टेस्ट लॅम्पने (वायरी जोडलेल्या तपासणीच्या बल्बने) दोन्ही टोकांना वीज आहे का ते बघा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. पुन्हा जळाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे किंवा पंप जाम झाला आहे. मोठा फ्यूज किंवा तार घालून काम चालवणं म्हणजे टाकीशेजारच्या वायरिंगला आग लावायची सोय करणं.

२. रिले. शेजारी तशाच पिनांचा, त्याच नंबरचा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर अदलाबदल करा. रिलेची ‘टक’ ऐकू येते म्हणजे तो चांगला असं नाही. आतले काँटॅक्ट जळलेले असतील तर टक होते पण वीज पुढे जात नाही. १९९० च्या दशकातल्या होंडा गाड्यांत मेन रिलेच्या आतल्या सोल्डरला तडे जात आणि उन्हात तापलेली गाडी चालू होत नसे. संध्याकाळी तीच गाडी एका सेल्फात लागे.

३. इनर्शिया स्विच. जुन्या फोर्ड आणि फियाट गाड्यांत धक्का बसला की पंपाची वीज तोडणारा स्विच असतो. मोठ्या खड्ड्यातूनही तो उडू शकतो. त्यावरचं बटण दाबलं की झालं. नव्या गाड्यांत हे काम एअरबॅगचा कंट्रोलर करतो, रीसेटची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

४. पंपाचा कनेक्टर. मागची सीट उचला, झाकण काढा. कनेक्टर सोडवून त्याच्या दोन जाड वायरींना टेस्ट लॅम्प लावा आणि चावी ऑन करायला सांगा. इथे मल्टिमीटरपेक्षा बल्ब बरा. एका धाग्यावर टिकलेली वायरही मीटरला १२ व्होल्ट दाखवते, पण बल्ब तिच्यावर मंदच जळतो.

बल्ब दोन-तीन सेकंद लख्ख जळला आणि पंप मात्र गप्प राहिला, तर पंप गेला. घरी पोचायचं असेल तर एकाने सेल्फ मारत असताना दुसऱ्याने टाकीच्या तळाला मुठीने ठोकून बघावं. झिजलेल्या ब्रशचा पंप कधीकधी एवढ्याने फिरतो. पण हा तात्पुरता इलाज, पंप बदलायला झाला हे त्यातून नक्की होतं.

पंपाचा आवाज येतो, म्हणजे इंधन पोचतंय ना?

आवाज म्हणजे दाब नव्हे. रेलवर (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीवर) दाबाचं गेज लावून बघा. बहुतेक एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाड्यांत ३ ते ४ बार लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. दीड-दोन बारवर पंप व्यवस्थित वाजतो, पण इंजेक्टरमधून फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. फिल्टर तुंबला, पंपाच्या टोकाची जाळी चिखलाने भरली, टाकीतली प्लॅस्टिकची नळी फाटली किंवा प्रेशर रेग्युलेटर गेला, की असं होतं. नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून थोडा सेल्फ मारा म्हणजे दाब उतरतो, नाहीतर पेट्रोलचा फवारा तोंडावर येतो.

रोज सकाळी एकच लक्षण असेल, म्हणजे पहिल्या सेल्फला लागत नाही आणि चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मारला की लागते, तर बहुधा पंपाचा चेक व्हॉल्व्ह (इंधन मागे येऊ न देणारी झडप) गळतो आहे. रात्रभरात रेलमधला दाब उतरतो.

ठिणगी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘करंट’, कशी तपासायची?

वायर किंवा कॉइल काढून बॉडीजवळ धरून ‘चट-चट’ बघायची जुनी सवय सोडा. आजच्या कॉइल-ऑन-प्लगमध्ये, म्हणजे थेट प्लगवर बसणाऱ्या कॉइलमध्ये, २० ते ४० हजार व्होल्ट तयार होतात. मोकळी सोडलेली कॉइल आतून फुटते, आणि शेजारी पेट्रोलची वाफ असेल तर पेट घेते. बाजारात स्वस्त स्पार्क टेस्टर मिळतो. तो कॉइल आणि प्लग यांच्यामध्ये लावा, इंजेक्टरचे कनेक्टर किंवा पंपाचा फ्यूज काढा, मग सेल्फ मारा.

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर त्याची कॉइल किंवा प्लग. पण तीन-चार सिलिंडरच्या गाडीत एक कॉइल गेल्याने गाडी चालू व्हायची थांबत नाही, ती मिसिंग करत चालू होते. चारही सिलिंडरला ठिणगी नसेल तर चार कॉइल एका दिवशी जळलेल्या नसतात. कॉइलला येणारी १२ व्होल्टची वीज, क्रँक सेन्सर आणि ईसीयू असं मागे मागे जा.

प्लग काढाल तेव्हा इंजिन थंड असू द्या, ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरमपणी निघून येतात. काढलेला प्लग वाचायला शिका. कोरडा आणि विटकरी-राखाडी असेल तर इंधनच येत नाही. पेट्रोलने ओला असेल तर इंधन येतं पण पेटत नाही. काळा, मखमलीसारखा कार्बन म्हणजे बरेच दिवस पेट्रोल जास्त जात होतं. पांढऱ्या चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथे तडा आहे आणि ठिणगी टोकाला न जाता तिथूनच पळते. गॅप साधारण ०.८ ते १.१ मिमी, फीलर गेजने मोजा.

प्लग ओले झाले आहेत. कसे मोकळे करायचे?

ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि ५ ते १० सेकंद सेल्फ मारा. बहुतेक फ्युएल इंजेक्शन गाड्यांत ईसीयू याचा अर्थ ‘इंजेक्टर बंद ठेव, फक्त हवा घे’ असा घेतो आणि सिलिंडर कोरडे होतात. इंजिनाने पकडलं की पाय लगेच उचला. थंड गाडी चालू करून दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, की पुढच्या वेळी हा त्रास होऊ शकतो.

वारंवार होत असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सर बघा. तो तुटला की ईसीयूला इंजिन बर्फासारखं थंड वाटतं आणि तो भरमसाट पेट्रोल सोडतो. रात्रभर उभ्या गाडीत स्कॅनरवर कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं.

गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. का?

हे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं ठरलेलं लक्षण आहे. इंजिन कुठल्या क्षणी कुठे आहे हे तोच सांगतो. त्याचा सिग्नल नसेल तर ईसीयू ठिणगी आणि इंधन दोन्ही देत नाही. आतली बारीक तार तापली की प्रसरण पावते, तडा उघडतो, सिग्नल जातो. थंड झाली की पुन्हा जुळते. म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी ठणठणीत असते आणि ईसीयूत दोषाचा कोडही नोंदलेला नसतो.

पकडायचा तर गाडी बंद पडलेली असतानाच. स्कॅनरवर लाइव्ह डेटामध्ये आरपीएम उघडा आणि सेल्फ मारा. शून्य दिसलं तर सेन्सर, त्याची वायर किंवा ज्या दातेरी चकतीवरून तो वाचतो ती. मग सेन्सरवर हळूहळू पाणी टाका. गार होऊन आरपीएम दिसू लागलं आणि गाडी लागली तर खात्री झाली. दोन वायरींचा सेन्सर ओहममध्ये मोजता येतो, साधारण काहीशे ते हजार-दीड हजार ओहम. तीन वायरींच्या हॉल सेन्सरवर ओहम मोजू नका. त्याची वीज, अर्थ आणि सिग्नल तपासा.

कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा) गेला तर बऱ्याच पेट्रोल गाड्या जास्त वेळ सेल्फ घेऊन चालू होतात, पण अनेक डिझेल गाड्या होत नाहीत.

टायमिंग बेल्ट तुटला हे कसं ओळखायचं?

निरोगी इंजिन सेल्फवर लयीत फिरतं, प्रत्येक सिलिंडर दाबला जाताना जरा अडखळतं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह हलत नाहीत, दाब तयार होत नाही आणि ‘व्हीऽऽऽ’ असा सपाट, भरभर आवाज येतो. खात्रीसाठी ऑइल भरायचं झाकण उघडा आणि आत टॉर्च मारा. अनेक इंजिनांत कॅम किंवा रॉकर दिसतो. दुसऱ्याला फक्त एक सेकंद सेल्फ मारायला सांगा. आतलं काही हललं नाही तर बेल्ट किंवा चेन गेली. त्यानंतर एकदाही सेल्फ मारू नका, कारण बहुतेक आधुनिक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो.

जुनी सँट्रो आणि डस्टरचं १.५ डिझेल ही बेल्टची इंजिनं. मारुतीची के-सिरीज आणि स्विफ्ट, पुंटो, व्हिस्टा यांतलं फियाटचं १.३ डिझेल ही चेनची. चेन सहसा तुटत नाही, पण ताणून एक-दोन दाते सरकते. मग पी००१६ हा, क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा कोड येतो.

कॉम्प्रेशन मोजायचं तर सगळे प्लग काढा, इंधन आणि इग्निशन तोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि पाच-सहा धक्के होईपर्यंत सेल्फ मारा. पेट्रोल इंजिनात साधारण ११ ते १४ बार येतो, सिलिंडरांमधला फरक १५ टक्क्यांच्या आत हवा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग झिजल्या, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइलची ही युक्ती डिझेलमध्ये करू नका.

सीएनजी गाडीला वेगळं काय?

पहिल्यांदा गॅस भरायचं झाकण नीट लागलंय का बघा. कंपनीच्या बऱ्याच सीएनजी गाड्यांत तिथे मायक्रोस्विच असतो आणि झाकण उघडं असेल तर गाडी चालू होऊ देत नाही. पंपावरून बाहेर पडतानाच अडलेल्या गाडीत हेच कारण निघतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. टाटाच्या आयसीएनजीसारख्या थेट गॅसवर चालू होणाऱ्या गाड्या सोडल्या तर बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम झाला की गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून टाकीत दोन लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं. ते शिळं होतं, वरचा हलका, सहज पेटणारा भाग उडून जातो. शिवाय पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, तळाशी आलेल्या पेट्रोलवर तो जळतो. टाकी पाव भरलेली ठेवा, रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि महिन्यातून एकदा ताजं पेट्रोल घाला.

रस्त्यात पंप गेला तर अनेक बाहेरच्या किटमध्ये गॅसचं बटण दाबून धरून चावी ऑन केली की थेट गॅसवर चालू होते. ही पद्धत किटनुसार बदलते, बसवणाऱ्याकडून आधीच विचारून ठेवा. गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे अशक्त कॉइल आणि झिजलेले प्लग सीएनजी गाडीत आधी उघडे पडतात.

डिझेल गाडीत कुठून सुरुवात करायची?

सायलेन्सरपासून. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मागे धूर बघावा. धूर अजिबात नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलच जात नाही. पांढरा धूर येतो म्हणजे डिझेल जातंय पण जळत नाही. तिथे ग्लो प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारा प्लग), कॉम्प्रेशन किंवा टायमिंगचा विचार करायचा. या एका निरीक्षणाने शोध निम्म्यावर येतो.

धूर नसेल तर आधी हवा. फिल्टर बदलल्यावर किंवा डिझेल संपेपर्यंत चालवल्यावर लाइन हवा धरते. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी सात-आठ वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. हाय प्रेशर पाइपचे नट सैल करून हवा काढायची जुनी पद्धत कॉमन रेलवर वापरू नका. तिथला दाब कातडीतून आत डिझेल घुसवतो, आणि ती जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते.

मग स्कॅनरवर सेल्फ मारताना रेल प्रेशर. ते साधारण २०० बारपर्यंत चढलं नाही तर ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. पी००८७ हा कोड याच्याशीच संबंधित. कमी दाबाची कारणं क्रमाने अशी: तुंबलेला फिल्टर, हवा, गळके इंजेक्टर, रेलचा प्रेशर कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि सर्वांत शेवटी पंप. इंजेक्टर तपासायला चारही रिटर्न नळ्या (जादा डिझेल परत नेणाऱ्या) चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि सेल्फ मारा. एक बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर दाब खातो आहे. ही परीक्षा न करता हाय प्रेशर पंप बदलायला सांगणाऱ्याला थांबवा.

ग्लो प्लगवर मुंबई-पुण्यात फारसं अडत नाही. नाशिक-निफाडच्या थंडीत पहाटे मात्र त्रास होतो. चांगला ग्लो प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. आणि ज्या बीएस६ डिझेल गाड्यांत ॲडब्लू (धुरातलं प्रदूषण कमी करणारा द्रव) लागतं, तिथे ते संपल्याची सूचना किलोमीटर मोजत येत असते. मोजणी शून्यावर आली की गाडी पुन्हा चालू होऊ देत नाही.

पावसाळ्यातच हा त्रास का होतो?

तीन कारणं. पहिलं, टाकीतलं पाणी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पेट्रोल भरल्यावर दोन-चार किलोमीटरांत गाडी बंद पडली तर पारदर्शक बाटलीत अर्धा लिटर काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. डिझेलमध्ये फिल्टरच्या तळाचा नट सैल करून पाणी काढता येतं.

दुसरं, उंदीर. उबेसाठी बोनेटमध्ये येतात आणि इंजेक्टर, सेन्सरच्या वायरी कुरतडतात. लेंड्या, पालापाचोळा, फोमचे तुकडे दिसले तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत जा. प्लॅस्टिकची फ्युएल नळीही ते सोडत नाहीत, म्हणून वासही घ्या.

तिसरं, ओलावा. कॉइलच्या कनेक्टरमध्ये, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट गंज चढतो. प्रेशर वॉशरने इंजिन धुतल्यावर अडलेली गाडी सहसा याचीच. कनेक्टर सोडवून, काँटॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर पुरतो का?

कोड वाचायला आणि आरपीएम, कूलंट, व्होल्टेज बघायला पुरतो. इमोबिलायझरची स्थिती आणि कंपनीचे खास कोड वाचायला तो कमी पडतो. लक्षात ठेवायचे कोड: पी०३३५ क्रँक सेन्सर, पी०३४० कॅम सेन्सर, पी०२३० पंपाचं सर्किट, पी०५१३ चुकीची चावी. कोड म्हणजे तक्रार कुठल्या सर्किटची आहे ते, पार्टचं नाव नव्हे. पी०३३५ तुटलेल्या वायरीनेही येतो. स्कॅनर ईसीयूशी जोडलाच जात नसेल तर आधी ईसीयूची वीज बघा. आणि कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.

धक्का मारून चालू होईल का?

बॅटरी कमजोर असेल तरच, आणि तीही मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर. स्टार्टर इंजिन नीट फिरवत असेल तर धक्का वेगळं काहीच करत नाही. ऑटोमॅटिकमध्ये प्रश्नच नाही.

स्टार्टिंग स्प्रे मारून बघू का?

पेट्रोल गाडीत निदानासाठी चालतो. एअर फिल्टरनंतरच्या नळीत एक-दोन सेकंद मारा, नळी परत लावा, मग सेल्फ. दोन सेकंद पेटून विझली तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक, दोष इंधनात. ग्लो प्लगच्या डिझेलमध्ये कधीही मारू नका, इनटेकमध्येच स्फोट होऊ शकतो.

गॅरेजला किंवा टोइंगवाल्याला काय सांगायचं?

‘चालू होत नाही’ एवढंच सांगितलं तर तपासणी शून्यापासून सुरू होते. सांगायचं ते असं: चालता चालता बंद पडली की उभी असताना, इंजिन गरम होतं की थंड, इंधन शेवटचं कधी आणि कुठे भरलं, पंपाचा आवाज येतो का, चेक इंजिन आणि चावीचा दिवा कसा वागतो, सेल्फचा आवाज नेहमीसारखा आहे का, मागून धूर किंवा पेट्रोलचा वास येतो का, आणि गेल्या आठवड्यात गाडीत काय काम झालं. शेवटच्या मुद्द्याला लोक विसरतात. नवं म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉकिंग, धुलाई, फिल्टर बदल यांच्यानंतर दोन दिवसांत आलेला दोष बहुधा त्याच जागी असतो.

पार्ट बदलायचा म्हटलं तर कुठलं माप घेऊन तो खराब ठरवला हे विचारा, आणि काढलेला जुना पार्ट परत मागा. नवा लावूनही गाडी तशीच राहिली तर जुना चांगलाच होता, तो परत लावून घेता येतो.